वहीतलं पाणी, काचेवरचा गारवा

शब्बीर मिस्त्रीच्या गल्लीत अकरा दिवस नळाला पाणी नव्हतं. तो तक्रार घेऊन गेला, तर पाणीपुरवठ्याचे भारंबेसाहेब वही दाखवून गुरकावले, "रोज पाणी सोडल्याची नोंद आहे. खोटं बोलतोस?"

भर वैशाखात त्याच साहेबांच्या गाडीतला एसीचा डिस्प्ले बिघडला. गाडी त्या गल्लीतल्या शब्बीरच्याच गॅरेजात आली. त्याने नवा बसवला. साहेब आत बसले आणि घामाने निथळू लागले.

"अरे, आकडा अठरा दाखवतोय आणि मी उकडून निघालोय!"

"असं कसं साहेब? समोर अठराची नोंद आहे की! आम्हीसुद्धा तुमच्या वहीतल्या पाण्यानेच आंघोळ करतो."

साहेबांनी एसीची बटणं दाबून पाहिली.

"डिस्प्लेची एसीशी जुळवणी तेवढी राहिलीय," शब्बीर अदबीने म्हणाला, "पण ग्रीसचे हात धुतल्याशिवाय नव्या डिस्प्लेला लावत नाही मी."

साहेबांनी निमूट फोन काढला. तासाभरात गल्लीत नळ वाहू लागला. गाडी त्यानंतर गार झाली.