आर्द्रेचं गाढव

“आर्द्रा नक्षत्र गाढवावर बसून येणार? माझ्या राज्यात?” उदयगडचे राजे मानाजीराव कडाडले.

पाडव्याचं पंचांगवाचन चाललं होतं. पावसाच्या कोणत्या नक्षत्राचं यंदा कोणतं वाहन, हे जोशीबुवा सांगत होते. मृगाला घोडा म्हणताच राजे खुलले होते. पण आर्द्रेला गाढव!

“बदला ते! हत्ती लिहा!”

“महाराज, वाहन गणितानं ठरतं,” जोशीबुवा चाचरले.

“मग राज्यातली झाडून सारी गाढवं आजच सीमेपार हाकला! गाढवच उरलं नाही, की झक मारत हत्तीवर बसेल!”

राजहट्टापुढे कोण बोलणार? आदेश सुटला आणि कुंभारवाड्याच्या तोंडचं पाणीच पळालं. गाढवाविना माती कोण वाहणार? माती नाही तर चाक बंद, चाक बंद तर चूल बंद.

धुरपा कुंभारीण मात्र रडत बसली नाही. तिनं गाढवांना हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या आणि हलगी वाजवत वरात थेट वाड्यासमोरून काढली.

राजे सज्जात आले. “ए बाई! हाकलून दिलेल्या गाढवांचा हा कसला थाट?”

“पाठवणी हाय, सरकार! आर्द्रेची वाहनं शेजारच्या भीमगडला निघाली. तिथल्या राजांना तेवढा सांगावा धाडा, यंदा पाऊस तुमच्याकडं येतोय म्हणावं!”

भीमगडचं नाव काढताच राजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दोघांचा जन्माचा उभा दावा!

“त्यांच्याकडे का म्हणून?”

“वाहन तिकडं, तर बसणारी हिकडं कशाला थांबंल?”

“आमचे हत्ती आहेत की!”

“पंचांगात गाढवच हाय न्हवं, जोशीबुवा?”

जोशीबुवांनी घाईघाईनं मान हलवली. बिचाऱ्यांच्या जिवात जीव आला.

राजे चुळबुळले. “पण गाढवावरून येणाऱ्या पाहुण्याचं स्वागत राजानं करायचं? लोक काय म्हणतील?”

“पाव्हणा कशावर बसून आला ते बघून दार लावलं, सरकार, तर पाव्हणा उपाशी ऱ्हात न्हाई. शेजाऱ्याकडं जेवतो!”

राजे असे खो खो हसले, की डोक्यावरचा मंदिल घसरून नाकावर आला!

“फिरवा रे ती वरात माघारी! आणि हत्तीच्या मखमली झुली आणा, गाढवांना घाला!”

“झुली ऱ्हाऊ द्या, सरकार,” धुरपा म्हणाली. “मखमल काय गाढवं खात न्हाईत. हत्तीचा चारा द्या!”

त्या दिवसापासून कुंभारवाड्यातल्या गाढवांना हत्तींच्या पिलखान्यातून ऊस सुरू झाला!