चिंधाबाईचा पारवा

सात टेकड्यांवर सात गावं होती आणि मधलं सगळं खोरं बारमाही धुक्यानं भरलेलं. या टेकडीवरून त्या टेकडीशी बोलायचं, तर हिराशेटच्या मैना होत्या. मैनेच्या कानात सांगायचं, की ती धुक्यातून तरंगत जायची आणि तिकडे जसंच्या तसं बोलायची. दाणा शेटचा, पिंजरा शेटचा. फुकट ते पौष्टिक! फक्त संध्याकाळी मैना शेटच्या ओसरीवर मुक्कामाला येत आणि दिवसभराचं सगळं तिथं बोलून टाकत.

चिंधाबाईची लेक सोनकी चौथ्या टेकडीवर दिली होती. एकदा तिनं मैनेपाशी सासरचं दुखणं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ते सासूच्या कानी गेलं. तेव्हापासून मैना एकच वाक्य आणायची, "आई, मी बरी आहे." आईला ते खरं वाटत नसे.

चिंधाबाईच्या गावात म्हाळोजी पारवे पाळी. हे पारवे कुठूनही सोडा, आपल्याच घरी परतत आणि घरच्या माणसाच्या कानातच बोलत. मध्ये शेट नाही, ओसरी नाही. "घरोघरी आपापला पारवा ठेवा!" असं म्हाळोजी बाजारात ओरडून सांगे. कुणी जवळ आलं, की पारव्यांच्या अकरा जाती आणि चोवीस नियम ऐकवी. लोक जांभया देत मैनांकडे वळत. "गाढवाला गुळाची चव काय!" म्हणून तो चिडे.

चिंधाबाईनं मात्र पारवा नेला. महिनाभर जीव लावून सांभाळला. मग एका सकाळी लेकीसाठी चार शब्द सांगून त्याला सोडला. तो धुक्यात एक गिरकी मारून तिच्याच कौलावर येऊन बसला.

ती पारवा घेऊन परत आली. म्हाळोजी म्हणाला, "अहो, हा सोनकीकडे ठेवायचा असतो. तिनं सोडला की तुमच्याकडे येईल. नववा नियम!"

"भाऊ, नियम तुमच्यापाशीच राहू द्या," चिंधाबाई म्हणाली. "माझी लेक तिकडे आहे. तिच्याकडे पारवा नाही, तर मी कुणाशी बोलू?"

पारवा ठेवून ती गेली. थोड्या वेळानं म्हाळोजीला ती बांधावर दिसली. मैना म्हणत होती, "आई, मी बरी आहे." चिंधाबाई पदरानं डोळे पुसत होती. म्हाळोजीला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं तो पारव्यांबद्दलच बोलत आला होता, माणसांना त्यानं काही विचारलंच नव्हतं.

तो चिंधाबाईचा पारवा काखेत घेऊन धुक्यात उतरला. दुसऱ्या दिवशी चौथ्या टेकडीवरच्या विहिरीपाशी त्याला सोनकी भेटली. तो एवढंच म्हणाला, "पोरी, हा तुझ्या आईच्या घरचा. याला खरं सांग."

दुपारी पारवा चिंधाबाईच्या खांद्यावर उतरला आणि तिच्या कानाशी घुमला, "आई, मी बरी नाही. मला न्यायला ये."

चिंधाबाईनं चुलीवरची भाकरी तशीच टाकली आणि ती वाटेला लागली. तिसऱ्या दिवशी मायलेकी हात धरून गावात आल्या.

त्या संध्याकाळी म्हाळोजीच्या दारात पहिल्यांदाच माणसं जमली. त्यानं एकही नियम सांगितला नाही. प्रत्येकाला फक्त विचारलं, "तुमचं माणूस कुठल्या टेकडीवर आहे?" आणि महिनाभरानं, ज्याच्या त्याच्या घरी रुळलेले पारवे काखेत घेऊन तो पुन्हा चालू लागला.

तात्पर्य: नव्या वाटेचे गुण ऐकून कुणी त्या वाटेनं येत नाही; पलीकडे आपलं माणूस भेटणार असेल, तरच लोक पाऊल उचलतात.