बावीस दातांची फटफटी

गडाच्या तिसऱ्या वळणावर फटफटी गचके खाऊन पुन्हा बंद पडली, आणि चांदखिंडच्या महाराजांना पुन्हा आठ माणसांनी ढकलत देवीच्या दारात नेले. तेवढा वेळ महाराज गाडीवरून उतरले नाहीत. वर पोहोचल्यावर त्यांनी धोंडू मिस्त्रीला बोलावून विचारले, "गाडीला झालंय काय?"

खरे तर गाडीला काहीच झाले नव्हते. झाले होते ते महाराजांना. शेजारच्या पिंपळकोंडच्या राजांकडेही तशीच विलायती फटफटी होती. इंजिनाकडून साखळी ओढणारी जी छोटी दातेरी चक्री असते, तिला महाराजांच्या गाडीत सतरा दात होते आणि गाडी बिनबोभाट गड चढत होती. पण पिंपळकोंडकरांनी आपल्या चक्रीला अठरा दात करून घेतल्याची बातमी आली, आणि महाराजांना दोन दिवस जेवण गेले नाही. त्यांनी एकोणीस करवले, मग वीस, आणि शेवटी रागाच्या भरात बावीस. पुढचे दात वाढले की गाडी सपाटीला पळते आणि चढाला धापा टाकते, हे मिस्त्रीने प्रत्येक वेळी हात जोडून सांगितले होते. महाराजांनी त्यातले 'पळते' एवढेच ऐकले.

आताही मिस्त्री चाचरत म्हणाला, की पुन्हा सतरा दातांची चक्री बसवली तर...

"दात म्हाताऱ्यांचे कमी होतात, मिस्त्री," महाराज म्हणाले. "आमच्या गाडीचा पुढचा एकही दात कमी होणार नाही. दसऱ्याला पिंपळकोंडकर पाहुणे येताहेत. त्यांच्या देखत गाडी गड चढली पाहिजे. नाही चढली, तर भाता उचल आणि संस्थानाबाहेर चालता हो."

मिस्त्री घरी आला तो ऐरण बैलगाडीत कशी चढवायची याचाच विचार करत. त्याची बायको येसू बारा वर्षे त्याचा भाता ओढत होती, पान्हे हातात देत होती, आणि फटफटीचे दात तिला स्वतःच्या दातांपेक्षा जास्त पाठ होते. हे घर, हे दुकान आता सोडावे लागणार होते. पण रडत बसायचा तिचा स्वभाव नव्हता. तिने नवऱ्याकडून महाराजांचा हुकूम शब्दाला शब्द असा तीनदा वदवून घेतला.

"पुढचा येकबी दात, असंच म्हनाले न्हवं?"

"व्हय."

"आन् मागच्या चाकाच्या चक्रीचं?"

"तिचं नावबी न्हाई काढलं. ती कुनाच्या नजरंत येतीय?"

"मग तिचे वाढवा की!"

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. पुढचे दात कमी केले काय आणि मागचे वाढवले काय, गाडी चढाला जोर धरते आणि सपाटीला मंदावते, दोन्ही सारखेच. हे त्याच्याच धंद्यातले ज्ञान, पण भीतीपोटी नेमके तेच डोक्यातून गेले होते. मागच्या चक्रीला बेचाळीस दात होते. महाराजांचे वजन ध्यानात घेऊन येसूने छप्पन्न सुचवले. मिस्त्रीने जाड पत्रा कापून नवी चक्री घडवली आणि साखळीला आठ कड्या जोडल्या.

चौदा दात वाढले हे ऐकून महाराज इतके खूश झाले, की त्यांनी कारभाऱ्यांना बेरीजच करायला लावली. पुढचे बावीस, मागचे छप्पन्न, एकूण अठ्ठ्याहत्तर! पिंपळकोंडकरांचे अठरा आणि बेचाळीस मिळून साठच भरत होते. कारभाऱ्यांनी तो आकडा दसऱ्याच्या निमंत्रणपत्रिकेत छापून टाकला.

दसऱ्याला फटफटी तिसरे वळण ओलांडून धडधडत थेट देवीच्या दारात गेली. महाराजांनी मागून येणाऱ्या पिंपळकोंडकरांकडे अशा काही नजरेने पाहिले, की जणू गड आत्ताच जिंकला असावा. पण परतताना सपाट रस्ता लागला आणि अंगाने काडीसारखे पिंपळकोंडकर भोंगा वाजवत, वाटेतली गुरे पांगवत त्यांच्या शेजारून निघून गेले. महाराजांनी मूठ कितीही पिळली तरी गाडी आपल्याच तोऱ्यात चालली. साऱ्या गावाने दोघांना एकामागोमाग वाड्यात शिरताना पाहिले.

दरबार भरला. पिंपळकोंडकर मिशीला पीळ देत पाहुण्यांच्या लोडाशी बसले होते. महाराजांनी मिस्त्रीला समोर उभे केले.

"अठ्ठ्याहत्तर दात, आणि साठ दातांची गाडी आमच्या पुढे गेली? बोल!"

मिस्त्रीने नुसते हात जोडले. मागच्या खांबाशी उभी असलेली येसू डोक्यावरचा पदर सारखा करत पुढे आली.

"सरकार, येक इचारू? तुमची सवारी निघती तवा समद्यांत म्होरं कोन असतंय?"

"चोपदार," महाराज तुसडेपणाने म्हणाले.

"त्यो काय करतो?"

"ललकारी देतो. वाट मोकळी करतो."

"आन् राजा?"

"राजा मागून येतो. सावकाश."

"मग आज भोंगा वाजवून गुरं कुनी हाकलली, आन् मागनं सावकाश कोन आलं, ते समद्या गावानं बघितलंय की."

पिंपळकोंडकरांचा हात मिशीवर थांबला. महाराजांच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि ज्या माणसाला हसताना त्याच्या आईनेही क्वचितच पाहिले असेल त्याने भर दरबारात असे दात काढले, की ते किती आहेत हे शेवटच्या रांगेलाही मोजता आले. हसता हसता त्यांनी मिस्त्रीचे दुकान वंशपरंपरेने त्याच्या नावे करून दिले आणि येसूला म्हणाले, "तुला काय हवं ते माग. नाही म्हणणार नाही."

"ती बावीस दातांची चक्री द्या, सरकार. देव्हाऱ्यात पुजीन."

महाराज चमकले. "आणि आमच्या गाडीला काय लावायचं?"

"जुनी सतराची हाय की दुकानात. मागची बेचाळीसचीबी हाय."

"म्हणजे दात कमीच झाले!"

"कमी कशानं, सरकार? बक्षीस दिले."

महाराजांनी पुन्हा दात काढले, आणि मिस्त्री पान्हा आणायला धावला.