वाढलेलं कोठार

एका राज्यात, त्याचं नाव विचारू नका, जमिनीखाली भूक राहत होती. जुन्या मांत्रिकाने तिला खड्ड्यात कोंडून वर शिळा ठेवली, शिळेवर कोठार बांधलं आणि शाप दिला, "दुष्काळात हे धान्य वाटा, सुकाळ येताच पुन्हा भरा. तीन सुकाळ कोठार रितं राहिलं, की शिळा उचलून ती वर येईल."

दुष्काळ पडला. धारसेन राजाने कोठार उघडून सढळ हाताने वाटलं, माणसं जगली. त्यात त्याचं काही चुकलं नाही. मग शेतं पुन्हा पिकली, आणि इथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

कोठाराची राखण गिरजाक्काकडे होती. शिळेला कान लावला की तिला खालचा श्वास ऐकू येई आणि अंगावर काटा उभा राही. पण त्या राज्याची एक रीत होती, बरं का. अशुभ बोलायचं नाही. मीठ संपलं तर 'मीठ वाढलं' म्हणायचं, दिवा विझवला तर 'दिवा वाढवला'. दरबारात भलता शब्द काढील त्याची जीभ छाटत.

पहिल्या सुकाळी ती दरबारात गेली.

"महाराज, कोठार वाढलं."

"वाढलं? उत्तम," राजा म्हणाला. "मग युवराजाचं लग्न थाटात होऊ द्या."

सगळं पीक पंगतींत गेलं.

दुसऱ्या सुकाळी एक टिटवी उंबऱ्यावर उतरून म्हणाली, "अक्का, शिळा बोटभर उचलली." गिरजाक्का पुन्हा दरबारात गेली.

"महाराज, कोठार फारच वाढलं."

राजाच्या कपाळाला आठी पडली. त्याला कळलं असावं. पण बाहेर प्रजा त्याचा जयजयकार करत दुप्पट शिधा मागत होती. भरल्या ताटावरून माणसं उठवायची तरी कोणत्या तोंडाने?

"पुढच्या साली बघू," तो म्हणाला.

तिसऱ्या सुकाळी टिटवी म्हणाली, "शिळा वीतभर उचलली." गिरजाक्का कोठारात धावली. फटीतून पाच लांब, कोरडी बोटं बाहेर येऊन फरशी चाचपत होती. ती शिळेवर जाऊन बसली. शिळा तसूभरही खाली गेली नाही. एका म्हातारीच्या वजनाने काय होणार? तिला जिभेची भीती वाटत होतीच, पण आता या बोटांची जास्त वाटली.

राजवाड्यावर सोन्याचा कळस चढला होता, त्याची पंगत बसली होती. गिरजाक्का मधोमध उभी राहिली.

"महाराज, कोठार संपलं."

घास हातातच राहिले. जल्लाद पुढे आला.

"जीभ मागाहून," राजा म्हणाला. "आधी मला दाखव."

राजा कोठारात शिरला तोच त्या बोटांनी त्याचा घोटा धरला. खालून गोड आवाज आला, "राजा, अजून एक पंगत घाल."

राजाच्या तोंडचं पाणी पळालं. "पुरे," तो म्हणाला. सुकाळात हा शब्द त्याने कधी उच्चारला नव्हता.

त्या शब्दासरशी बोटांची पकड सुटली आणि राजाने पंगत उठवली. लोकांनी राजाला शिव्या घातल्या आणि शिव्या घालत घालतच कोठारात पोती ओतली. शिळा बसली, बोटं आत गेली.

"अक्का, आधी का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं, महाराज. मी भीत भीत सांगितलं, तुम्ही खुशीत ऐकलंत."

तिची जीभ शाबूत राहिली. तेव्हापासून ऐन सुगीत, भर दरबारात कोठाराची राखणदारीण 'संपलं' म्हणते आणि राजा पहिली पायली स्वतः ओततो. शाप टळला. शिळेला कान लावला तर श्वास मात्र अजून ऐकू येतो.

गोष्ट इथं संपली. 'वाढली' म्हणायचं नाही.