कौतिकबाईचं तीनपोटी मडकं

तापीकाठच्या पिंपरवळला घाट नव्हता आणि देवळाला कळस नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गावात कौतिक नावाची एक कुंभारीण राहत असे. उन्हाळ्यात तिची मडकी हातोहात खपत आणि घरात पैसा खुळखुळे. तिचा नवरा उखर्डू मनाचा राजा. तो जत्रेला जाई, पाहुण्यांना जेवू घाली, लेकीला चांदीचे वाळे आणी. मग पाऊस लागे, भट्टी विझे आणि चार महिने सगळी अर्धपोटी राहत.

अशाच एका श्रावणात लेक वेणू तापाने फणफणली. वाळे आधीच धान्यापायी विकले होते. वैद्याला आणायला घरात दमडी नव्हती. पोर गेली.

कौतिक रडली नाही. ती नदीकाठी जाऊन बसे आणि धुक्यात तिला वाळ्यांचा आवाज येई. असं म्हणतात, एका पहाटे ती त्या आवाजामागे चालत गेली. तो जिथे थांबला तिथली माती तिने ओंजळीत घेतली. माती कोमट होती.

त्या मातीचं तिने तीन पोटांचं मडकं घडवलं. पहिलं पोट रोजच्या खर्चाचं, उघड्या तोंडाचं. दुसरं सणावाराचं, अरुंद गळ्याचं. तिसऱ्याला तोंडच नव्हतं, नुसती चीर होती. बाजारातून आली की ती आधी त्या चिरीत काहीतरी टाकी आणि उरलेलं बाकीच्या दोन पोटांत.

एका चैत्रात उखर्डूला जत्रेतला घोडा आवडला आणि तो तिसरं पोट फोडायला निघाला. कौतिकने अडवलं नाही. असं म्हणतात, त्याने घातलेला दगडच दुभंगला, मडक्यावर ओरखडाही उठला नाही. उखर्डू मडक्याशेजारी खाली बसला. मग म्हणाला, "हे मडकं आपण आधी केलं असतं, तर..."

वर्षं गेली, तिसरं पोट जड झालं. वेणूच नाही, आता हे कोणासाठी उघडायचं, असं कौतिकच्या मनात येई. आणि एका आषाढात शेजारची सून, तान्ही तिचं नाव, दारात उभी राहिली. तिचं बाळ डोळे उघडत नव्हतं आणि तिच्या गाठीला काही नव्हतं.

कौतिकने मडक्यावर नुसता तळवा ठेवला. असं म्हणतात, पिकलं सीताफळ उकलावं तसं ते अलगद उकललं. आतली नाणी झोपलेल्या लेकराच्या अंगासारखी ऊबदार होती.

"कधी फेडू, जिजी?" तान्हीने विचारलं.

"मला नको. तुला असंच मडकं करून देते, त्यात टाकत जा."

वैद्य आला, बाळ वाचलं. त्या रात्री कौतिक पहिल्यांदा पोटभर रडली.

पुढे घरोघर तीनपोटी मडकी गेली. कौतिक म्हातारी झाली, आणि एका सकाळी माती आणायला म्हणून धुक्यात शिरली ती परतलीच नाही.

अजूनही पिंपरवळची लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर तीनपोटी मडकं देतात. तिसऱ्या पोटातलं पहिलं नाणं आई टाकत नाही, सासूही टाकत नाही. ते शेजारीण टाकते आणि हळूच म्हणते, "हे कौतिकबाईचं."