पावलाईचा चौथरा

खूप जुनी गोष्ट आहे ही. त्या नदीचं नाव आता कुणाला आठवत नाही आणि गावाचंही नाही. तिथल्या माणसांची खोड मात्र अजून जिवंत आहे, म्हणून सांगायची. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी.

गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी, एक काळा दगड रोवलेला होता. त्याच्या बुडाशी दोन पावलं कोरलेली होती. कोण्या काळी आलेल्या पुरात एका बाईचं सगळं गणगोत वाहून गेलं. एकट्या उरलेल्या त्या बाईने छिन्नी हातात घेतली, पावलं कोरली आणि गावाला बजावलं, "या पावलांना पाणी लागलं, की भांडीकुंडी बघत बसू नका. टेकडी गाठा."

बाई गेली, तिचं सांगणं राहिलं. पावसाळ्यात दगडावर नजर ठेवायची आणि पावलं भिजली की शिंग फुंकायचं, हे काम काठाजवळच्या एका घराकडे आलं. शिंग वाजलं की गाव उठायचं. पाणी घरात शिरायचं, पण तोवर घरात माणूस उरलेलं नसायचं.

आता माणसाचं कसं असतं बघा. जाता-येता कुणी दगडावर फूल ठेवलं, कुणी तेल घातलं, कुणी शेंदूर फासला. दगडाची पावलाई झाली. तिला नवस बोलले जाऊ लागले. लग्न झालं की नवरानवरी तिच्या पाया पडायला येऊ लागली.

पुढे शिंग सटवाजीच्या हाती आलं. माणूस भला आणि भाविक. घरात म्हातारी आई, बायको कोंडाई आणि पाळण्यातली लेक. सटवाजी रोज पावलाईला जायचा आणि रोज त्याचा जीव तुटायचा. कुत्री तिला पाठ घासायची. गुरांच्या खुरांचा चिखल तिच्या तोंडावर उडायचा.

"आपण जोत्यावर झोपायचं आणि आईने चिखलात उभं राहायचं," तो कोंडाईला म्हणाला, "बरं दिसतं का हे?"

"नाही बाई, अजिबात नाही," कोंडाई म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिनेच डोक्यावरून दगडांच्या पाट्या वाहिल्या.

त्याच जागी पुरुषभर उंच चौथरा उभा राहिला. पावलाईला वाजतगाजत वर बसवली. पंगत उठली. सटवाजीची म्हातारी पायऱ्या चढून डोकं टेकवून आली. एकाही शहाण्याला काही चुकलंय असं वाटलं नाही. वाटलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती.

मग एका वर्षी पाऊस लागला तो उघडेचना. नदीने आधी वाळू गिळली, मग मळे गिळले. सटवाजी शिंग कमरेला लावून ओट्यावर उभा होता. पाणी चौथऱ्याच्या पायऱ्या चढत होतं. वर पावलाई शेंदरात लालभडक, कोरडी.

सकाळी त्याच्या अंगणात पाणी आलं. त्याने खाली पाहिलं, मग समोर पाहिलं. पाय ओले, पावलाई कोरडी. असं कसं?

पलीकडच्या आळीतून हाक आली, "सटवाजी, पावलाई भिजली का रे?"

"कोरडी आहे!"

"मग भ्यायचं कारण नाही!"

हाक देणारा गुडघाभर पाण्यात उभा राहून बोलत होता.

गोठ्यातल्या म्हशीने दाव्याला हिसडा दिला, तोडलं आणि ती टेकडीच्या वाटेला लागली. सटवाजी ओरडला, "अगं, कुठं निघालीस? आई अजून भिजली नाही!"

म्हैस मान वळवून म्हणाली, "माझं पोट भिजलं, धन्या. मी काही पावलाईला पुजलेलं नाही, म्हणून मला भिजलेलं कळतं. तू बस बघत."

सटवाजी आणखीच गोंधळला. जनावराचं ऐकावं की आईचं? पावलाई कोरडी असताना शिंग फुंकलं तर तिचा अपमान. पण न फुंकावं, तर घरात हे जे चढतंय ते काय आहे? तो ओट्यावर जायचा, चौथरा बघायचा, आत येऊन पाणी बघायचा, पुन्हा ओट्यावर. म्हातारी बाजेवर बसून म्हणाली, "अरे, एका जागी थांब. तुझ्या पायांनी पाणी अजून हलतंय."

"आई, तुला काय वाटतं?"

"तुला जे वाटतंय तेच. मला काही कळत नाही."

कोंडाई मात्र हात थांबवत नव्हती. पाळण्याची दोरी सोडून तिने पाळणा आढ्याला उंच बांधला. पाणी चढलं, तिने आणखी वर बांधला. सटवाजीने आत येऊन घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "लेक भिजली का?"

"कशी भिजेल? वर नाही का बांधला पाळणा?"

"म्हणजे पाणी कमी झालं?"

कोंडाई भडकली. "डोकं फिरलंय का तुमचं? पाळणा वर नेला म्हणून पाणी खाली जातं होय?"

ती बोलून गेली आणि तोंडाला पदर लावून तशीच उभी राहिली. सटवाजीही उभा राहिला. दोघांनी एकदमच दाराबाहेर पाहिलं. समोर पुरुषभर उंचीवर पावलाई बसली होती. त्यांनीच बसवलेली.

सटवाजीने शिंग फुंकलं.

माणसं ओट्यांवर आली. चौथऱ्याकडे बघून ओरडली, "काय रे, कोरडी तर आहे! मग शिंग कशाला?"

"पळा! आपणच तिला वर नेली! खालची पावलं कधीच बुडाली असती!"

"आईविषयी काहीबाही बोलतो! याला पाण्याने वेड लागलं!"

एकही माणूस हलेना. ज्या दगडाने पिढ्यांमागून पिढ्या गाव उठवलं, त्याच दगडाने आता गाव बसवून ठेवलं होतं.

कोंडाईने लेकीला पाठीशी बांधलं. पाळण्याची दोरी काढून एक टोक नवऱ्याच्या कमरेला आवळलं, दुसरं घराच्या खांबाला. "जा," ती म्हणाली. "दोरी मी बघते."

सटवाजी गळाभर पाण्यातून चौथऱ्यापर्यंत गेला आणि वर चढला. पावलाईच्या बुडाचा चुना भिजून सुटला होता. त्याने हात जोडले. माफी मागावी की आज्ञा मागावी, तेच त्याला कळेना. शेवटी त्याने खांदा लावला आणि सगळ्या गावादेखत पावलाईला पाण्यात ढकलली.

गावाने किंकाळी फोडली. कुणी शिव्या दिल्या, कुणी दगड भिरकावला; तो सटवाजीच्या कपाळाला लागला. पण चौथरा रिकामा दिसला आणि पावलाई पाण्याखाली गेली, तसे सगळ्यांचे पाय आपोआप टेकडीकडे वळले. कोंडाईने दोरी ओढून सटवाजीला घरी आणलं आणि त्याने आईला पाठीवर घेतलं. लोक टेकडीवर पोचले आणि खाली घरं बसू लागली. माणसं वाचली. दाव्याला बांधून ठेवलेली गुरं मात्र तिथेच बुडाली, आणि त्यांचं हंबरणं सगळ्या गावाने वरून ऐकलं. सटवाजीची म्हैस तेवढी एका बाजूला गवत खात होती.

पाणी ओसरलं. पावलाई चिखलात आडवी पडलेली सापडली. लोक रडले, आणि लगेच म्हणू लागले, "आपल्यासाठी आई स्वतःहून पाण्यात उतरली! आता चौथरा आणखी उंच बांधू!"

सटवाजी कपाळावरची खोक दाबत ऐकत होता. ही माणसं रागावलीत की खूश आहेत, तेही त्याला कळेना. एवढं मात्र कळलं, की यांना समजावत बसलं तर पुढचा पावसाळा येईल. त्याने पहार उचलली. कोंडाईने पाटी घेतली. दोघांनी चौथरा मोडला, खाली खड्डा खणला आणि पावलाईला तिच्या जुन्या जागी, जमिनीबरोबर पावलं ठेवून, रोवली.

संध्याकाळी एक कुत्रं आलं आणि तिला पाठ घासू लागलं. कुणीतरी हाकलायला धावलं.

"राहू दे," सटवाजी म्हणाला. "तिला तिचं काम करू दे."

तात्पर्य: सावध करायला ठेवलेली खूण पुजून उंच बसवू नये, ती आहे तिथेच ठेवून तिचं ऐकावं.