हवालदार भरमूचे दोन कागद

धामणकोंड नावाच्या डोंगरातल्या एका गावात बावीस वर्षांच्या नोकरीनंतर एक फौजी परत आला. त्याचं नाव भरमू गावडे. हुद्दा हवालदार. फौजेत त्याचं काम होतं खेचरांच्या तुकडीत. जिथे गाडी पोहोचत नाही अशा बर्फातल्या चौक्यांवर खेचरांच्या पाठीवरून धान्य, रॉकेल, औषधं पोहोचवायची. बावीस वर्षं त्याने हेच केलं.

तो आला त्या दिवशी गावाने ढोल वाजवले, गळ्यात हार घातले, सरपंचांनी भाषण केलं. पंधरा दिवसांनी तेच लोक पारावर विचारू लागले, "मग हवालदार, आता पुढे काय?"

भरमूचं वय एक्केचाळीस. पेन्शन होती, पण हातपाय धडधाकट होते आणि दोन मुलींची शिक्षणं व्हायची होती. तो काम शोधायला निघाला. एका कारखान्यात साहेबांनी विचारलं, "अनुभव काय?"

"बावीस वर्षं खेचरं सांभाळली," भरमू म्हणाला.

शेजारी बसलेला कारकून फिस्सकन हसला. "आमच्याकडे खेचरं नाहीत हो. माणसंच आहेत."

दुसऱ्या ठिकाणीही असंच काहीसं झालं. तिसऱ्या ठिकाणी कुणी हसलं नाही, पण कुणी वर मान करून बघितलंही नाही. त्या दिवसापासून भरमूने खेचरांचं नाव काढणं सोडलं. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "होतो फौजेत," आणि विषय बदलायचा.

घरीही त्याचं मन रमेना. पहाटे चारला जाग यायची आणि उठून करायला काही नसायचं. मग तो अंगणातल्या बादल्या उंचीप्रमाणे ओळीत लावायचा. मुलींच्या चपला सरळ करायचा. भाकऱ्या किती वाजता होणार ते बायकोला विचारायचा आणि पाच मिनिटं उशीर झाला की गप्प गप्प व्हायचा. एक दिवस त्याची बायको अनुसया तवा खाली ठेवून म्हणाली, "अहो, मी तुमच्या तुकडीतली नाही. शाळेच्या रत्नप्रभाबाईंकडे जाऊन या. फौजेतून आलेल्या माणसांना त्या कामाची वाट दाखवतात."

"मी कुणापुढे हात पसरणार नाही."

"हात पसरायला कोण सांगतंय? बोलायला जा. माझ्याशी तर बोलतच नाही."

भरमूला ते लागलं. बुधवारी तो गेला.

रत्नप्रभाबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ फौजेतून परतला होता, तो बारा वर्षं ओसरीवर बसून राहिला आणि बसल्या बसल्याच म्हातारा झाला. ते पाहिल्यापासून त्या दर बुधवारी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसत. फौजेतून आलेल्या माणसांचे अर्ज लिहून देत, कुठे कोणतं काम आहे ते सांगत.

"बसा हवालदार," त्या म्हणाल्या. "फौजेत काय करत होता?"

"काही विशेष नाही, बाई. जनावरं हाकायचो."

"असं नको. मला तुमचा एक दिवस सांगा. उजाडल्यापासून."

भरमूने सुरुवात चाचरतच केली. पहाटे उठून आधी प्रत्येक जनावराची पाठ आणि खूर तपासायचे. पाठीवर जखम असेल तर त्या दिवशी त्याला ओझं नाही. दोन्ही बाजूंचं वजन अगदी सारखं हवं, नाहीतर चढावर जनावर एका अंगाला ओढलं जातं. दुपारी बर्फ भुसभुशीत होतो, म्हणून दहाच्या आत अवघड टप्पा ओलांडायचा. सगळ्यात पुढच्या माणसाने, म्हणजे भरमूने, वाट स्वतः पायाखाली घालून बघायची आणि मग ओरडायचं, "वाट पक्की!" त्याच्या त्या एका हाकेवर मागची नऊ माणसं आणि चोवीस खेचरं पाऊल टाकतात. वरच्या चौकीवर चाळीस जवान वाट बघत असतात. आपण पोहोचलो नाही तर त्यांची चूल पेटत नाही.

बोलता बोलता त्याचा आवाज मोकळा झाला होता. बाई लिहीत होत्या. मग त्यांनी कागद उचलून वाचून दाखवला. "अवघड वाटेवरून रोज ठरलेल्या वेळी माल पोहोचवण्याचा बावीस वर्षांचा अनुभव. नऊ माणसांची जबाबदारी. हवामान आणि रस्ता पाहून फेऱ्यांचं नियोजन. खेचरांच्या तुकडीचा प्रमुख."

भरमू बघतच राहिला. "हे कुणाचं लिहिलंत बाई?"

"तुमचंच आहे. गणवेश उतरवून लिहिलंय, एवढंच." बाईंनी त्याच्या हातात कागद दिला. "तालुक्याच्या दूध संघाला डोंगरातल्या वाड्यांवरून दूध आणणाऱ्या टेम्पोंवर देखरेख करायला माणूस हवाय. हा कागद घेऊन जा. आणि एक सांगते. तिथलं वेळापत्रक कॉम्प्युटरवर असतं, ते शिकावं लागेल. शिकायची लाज वाटून घेऊ नका."

भरमू हुरूपाने तालुक्याला गेला. अर्ज टाइप करून घ्यायला तो बाजारातल्या विलासशेटच्या दुकानात शिरला. विलासशेट लोकांचे फॉर्म भरून द्यायचा. त्याने कागदावर नजर फिरवली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"खेचरं? फौजी, हे लिहिलंत तर पहिल्या फटक्यात कचऱ्यात जाल. मी लिहितो बघा. वाहन विभागाचा प्रमुख, पन्नास ट्रक हाताखाली. दाखलाही करून देतो."

"पण हे खरं नाही."

"कोण तपासायला जातंय? फौजेतल्या गोष्टी गुप्त असतात म्हणायचं."

भरमूला कारखान्यातल्या कारकुनाचं हसू आठवलं. तो 'हो' म्हणाला नाही, पण 'नको'ही म्हणाला नाही. विलासशेटने टाइप केलं, शिक्का मारला. भरमूने बाईंचा कागद घडी करून खिशात टाकला आणि खोटा अर्ज दूध संघात देऊन आला.

आठवड्यात बोलावणं आलं. संघाच्या व्यवस्थापक होत्या नीलांबरी सावंत. वयाने भरमूपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण बोलणं नेमकं. त्यांनी अर्ज वाचला.

"पन्नास ट्रक! आमच्याकडे तर सहाच टेम्पो आहेत. तुम्हाला हे काम फारच सोपं जाईल." त्या हसल्या. "सोमवारपासून येता?"

भरमूने मान हलवली. एवढं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

नीलांबरी मॅडम उठता उठता म्हणाल्या, "एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. तुमच्या आधीचा माणूस न बघताच रस्ता चांगला आहे म्हणून सांगायचा. गेल्या पावसाळ्यात त्याच्या भरवशावर एक टेम्पो घाटात उतरला आणि उलटला. ड्रायव्हरचा पाय गेला. आता तुमच्या शब्दावर सहा माणसं घाटात उतरतील. म्हणून मला अनुभवी माणूस हवा होता."

भरमू खुर्चीतून उठला होता, तो तसाच उभा राहिला. बर्फातली ती ओळ त्याच्या डोळ्यांपुढे आली. पुढच्या माणसाने न बघताच हाक दिली असती तर? बावीस वर्षांत एकदाही त्याने तसं केलं नव्हतं. आणि आज एका खोट्या कागदाने तो तेच करत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "तो कागद खोटा आहे."

"काय?"

"मी ट्रक कधी सांभाळले नाहीत. दाखलाही खोटा आहे."

मॅडमचा चेहरा कडक झाला. त्यांनी अर्ज टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. "खोटा दाखला आणणाऱ्याला मी कामावर घेऊ शकत नाही. या तुम्ही."

भरमूने त्यांना नमस्कार केला आणि बाहेर पडला. घरी येऊन त्याने अनुसयेला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "काम गेलं याचं वाईट वाटतंय. पण तुम्ही आज खऱ्या अर्थाने घरी आलात, असं वाटतंय."

बाईंसमोर जायला मात्र त्याला धीर होईना. तरी बुधवारी तो गेला.

बाईंनी ऐकून घेतलं. "मी लिहिलेला कागद दाखवलात का त्यांना?"

"नाही."

"लाज कशाची वाटली? खेचरांची, की लोकांच्या हसण्याची?"

भरमूने खिशातला घडी पडलेला कागद बाहेर काढला. ज्या जनावरांच्या जोरावर चाळीस माणसांच्या चुली पेटल्या, त्यांचं नाव त्याने एका माणसाच्या हसण्यापायी गिळून टाकलं होतं. "चुकलं बाई," तो म्हणाला.

"मग माझ्याजवळ काय सांगता? जिथे चुकलात तिथे जा."

दुसऱ्या दिवशी भरमू पुन्हा दूध संघाच्या दारात उभा राहिला. दोन तास त्याला कुणी आत बोलावलं नाही. तो बसला नाही, हलला नाही. शेवटी मॅडमच बाहेर आल्या.

"आता काय?"

"काम मागायला आलो नाही. तुमच्याकडे माझ्या नावाचा खोटा कागद आला होता. खरा असा आहे." त्याने घडी पडलेला कागद पुढे केला.

मॅडमनी उभ्या उभ्याच वाचला. शेवटच्या ओळीशी त्या थांबल्या. भरमू हसण्याची वाट बघत होता. त्या हसल्या नाहीत. "जनावरांवर ओझं लादताना आधी काय बघता?" त्यांनी विचारलं.

"ज्याच्यावर लादायचं त्याची पाठ."

मॅडम त्याला आत घेऊन गेल्या. भिंतीवर वाड्यांचा नकाशा होता. "या तीन वाड्या बघा. इथलं दूध रोज नासतं. रस्ता लांब आहे, इलाज नाही असं सगळे म्हणतात. तुम्ही काय कराल?"

"आता इथे बसून सांगता येणार नाही. आधी वाट चालून बघतो."

तीन दिवस तो त्या वाड्यांवर गेला. दुधाच्या किटल्या डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या बायकांबरोबर चालला. मग येऊन म्हणाला, "मॅडम, दूध वाटेत नासत नाही. बायका सहाला खाली पोहोचतात आणि टेम्पो येतो नऊला. तीन तास किटल्या उन्हात. टेम्पो जवळच्या वाड्या घेत घेत शेवटी तिथे जातो. तो आधी रिकामा लांबच्या वाडीला जाऊ द्या आणि येताना भरत येऊ द्या."

खोलीतले दोघे-तिघे एकमेकांकडे बघू लागले. इतकी साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती, कारण कुणी ती वाट चाललं नव्हतं.

नीलांबरी मॅडमनी त्याला तीन महिन्यांसाठी कामावर ठेवलं. "पक्कं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा पहिला कागद मी विसरलेली नाही."

"विसरूही नका," भरमू म्हणाला.

त्याने काम शिकायला घेतलं. कॉम्प्युटरपुढे त्याची जाड बोटं अडखळायची. मुलीच्या वयाची एक कारकून त्याला शिकवायची आणि तो तिला "हो मॅडम" म्हणायचा. एकदा त्याने चुकून आख्ख्या आठवड्याचं वेळापत्रक पुसून टाकलं. मग रविवारी येऊन सगळं पुन्हा भरलं. तीन वाड्यांचं दूध मात्र पुन्हा नासलं नाही.

पावसाळ्याच्या मध्यावर सलग चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी पहाटे भरमू छत्री घेऊन घाट चालत गेला. एका वळणावर डोंगरातून गढूळ पाणी येत होतं आणि कडेची माती पायाखाली दबत होती. त्याने परत येऊन सहाही टेम्पो थांबवले.

संघाच्या सभासदांनी आरडाओरडा केला. एक दिवसाचं दूध घरोघरी पडून राहणार होतं. "फौजी घाबरला!" कुणीतरी म्हणालं.

नीलांबरी मॅडम सगळ्यांमधून पुढे आल्या. "तुम्ही स्वतः बघून आलात?"

"हो मॅडम. वाट पक्की नाही."

"मग गाड्या जाणार नाहीत," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. आणखी एक शब्दही विचारला नाही.

त्या दिवशी दरड कोसळली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाऊस ओसरला, माती बसली, भरमू पुन्हा चालून आला आणि गाड्या सुरू झाल्या. एक-दोघे अजूनही कुजबुजत होते की उगाच एक दिवस वाया घालवला.

संध्याकाळी सगळ्यात जुना ड्रायव्हर इस्माईलचाचा त्याच्या टेबलाशी आला. गेल्या वर्षी ज्याचा पाय गेला तो त्याचा भाचा होता. चाचाने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

"फौजीसाहेब, वीस वर्षं ह्या घाटात गाडी चालवतोय," तो म्हणाला. "माझ्या आधी चालत जाऊन कुणी रस्ता बघून आलं, असं पहिल्यांदाच झालं. उद्यापासून तुम्ही जा म्हणालात तर जाईन, थांब म्हणालात तर थांबेन. विचारणार नाही."

महिनाअखेरीस तीन महिने पुरे झाले आणि मॅडमनी पक्क्या नेमणुकीचं पत्र दिलं. भरमूने ते नीट घडी करून खिशात ठेवलं. पण घरी जाताना त्याच्या मनात पत्र नव्हतं, चाचाचे शब्द होते.

तात्पर्य: आपण केलेल्या कामाची लाज बाळगू नये आणि त्याला खोटा मुलामाही देऊ नये, ते समोरच्याला कळेल अशा शब्दांत, आहे तसं सांगावं. अनुभव माणसाला नव्या कामाच्या दारापर्यंत नेतो, पण आत त्याचं स्थान पक्कं होतं ते त्याच्या शब्दाच्या खरेपणाने.